गोळ्यांचे गाऱ्हाणे

हे मी शेवंतीच्या जुन्या वहीत मागच्या बाजूने लिहिते आहे. पुढच्या बाजूला तिचे पाढे आहेत. माझे शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, आणि चार माणसांत बोलायची तर मुळीच नाही. मासळी विकायला बसते तेव्हासुद्धा गिऱ्हाइकाशी शेजारची पारूकाकी बोलते, मी मान हलवते. म्हणून जे डॉक्टरांना, नवऱ्याला आणि सासूला वेळेवर सांगता आले नाही ते इथे लिहिते. शेवंती माझी एकुलती मुलगी, आता सात वर्षांची आहे. मोठी झाली की तिने हे वाचावे. तेव्हा मी असेन असे मला वाटत नाही.

दोन वाक्ये

मला क्षय झाला तेव्हा पहिल्या खेपेला मी चार महिने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, गालावर मांस आले. मग पावसाळा सरून रापणी सुरू झाल्या आणि गोळ्यांची पिशवी फळीवरच राहिली. शेवंतीचे वडील रापणीवर जातात. ते गावच्या पुरुषांबरोबर किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढतात, मी मासळी घेऊन देवबागहून मालवणच्या बाजारात जाते. बरे वाटत असताना औषध कोण घेतो? थंडीत एका सकाळी खोकल्यातून रक्त आले, ते मी वाळूत पायाने झाकले. दुसऱ्या दिवशीचे झाकता आले नाही.

दवाखान्यातले डॉक्टर रागावले. मी खाली बघत होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला अजून तशाच्या तशा आठवतात.

"आता एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवलीत तर पुढे हे औषध तुम्हाला लागूच पडणार नाही." आणि थोड्या वेळाने, चिठ्ठी लिहिता लिहिता, "डोळे पिवळे दिसले, अन्न नकोसे झाले, तर मात्र गोळ्या तिथेच थांबवायच्या आणि तडक इकडे यायचे. कॅप्सूलने लघवी लाल होते, त्याला घाबरू नका. कळले?"

मी मान हलवली. मी ऐकले नव्हते असे कोणी म्हणू नये. मी ऐकले होते.

सासू बाहेर झाडाखाली बसली होती. तिला आम्ही आये म्हणतो. तिने विचारले, "काय म्हणालो डाक्तर?"

"एक दीस चुकवूची नाय म्हणालो."

"आणि?"

शेजारी शेवंतीचे वडील उभे होते, आणखी दोन ओळखीचे पुरुष होते. त्यांच्यासमोर लघवीचे कसे बोलायचे? आणि ते गाळले तर त्याच्या आगेमागे जे होते तेही गळले. मी म्हटले, "काय नाय."

व्हय म्हाराजा

आमच्याकडे होडी पाण्यात ढकलायची असो की घराचा चौथरा घालायचा असो, आधी देवीपुढे गाऱ्हाणे घालतात. गुरव आपल्या वतीने देवीशी बोलतो आणि तो थांबला की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. म्हटले की ते बोलणे आपल्याला बांधले गेले. आये मला त्याच आठवड्यात देवळात घेऊन गेली.

गुरवाने हात जोडले. "आये माउली, आज ही तुझी लेकरा तुझ्या दाराकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सुनेक जा काय दुखणा लागला आसा, ता तुझ्या कृपेन दूर होव दी."

"व्हय म्हाराजा!"

"डाक्तरान दिलेली गोळी ती एक दीस चुकवची नाय. चुकवल्यान तर..." इथे गुरव थांबला आणि आयेकडे बघू लागला.

आये म्हणाली, "चेडवाची आण घाल."

मी मान वर केली. शेवंती माझा पदर धरून उभी होती. आयेने माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला. गोळी चुकली तर ते शेवंतीवर येईल, असे पुढचे गुरवाने म्हटले. शेवंतीला वाटले हा खेळ आहे. सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तीच ओरडली.

आयेला मी दोष देत नाही. तिने मला एकदा गोळ्या टाकताना पाहिले होते. दुसरे कुठलेही कुलूप मला पुरणार नाही हे तिला कळत होते, आणि त्यात ती चुकली नव्हती. डॉक्टरांचे पहिले वाक्य देवीच्या कानावर गेले. दुसरे तिला कोणी सांगितलेच नाही, कारण ते फक्त मला ठाऊक होते.

कालच्या बांगड्याचे डोळे

दोन महिने एक दिवस चुकला नाही. रोज सकाळी पेज पिऊन दारात बसायचे, शेवंती पाण्याचा तांब्या आणायची, मी तिच्याकडे बघत गोळ्या गिळायची. मग जेवणावरची वासना उडाली. माशाच्या वासाने पोटात ढवळायचे, आणि माझे तर पोटच माशावर. लघवी लाल होतीच, ती आणखी काळी झाली तरी मला काही वाटले नाही. कॅप्सूलने होते म्हणाले होते ना.

बाजारात एक दिवस पारूकाकी माझ्याकडे बघत राहिली.

"गो शालन, हयसर उजेडात ये बघू."

"कित्याक?"

"बांगड्याचे डोळे बघून गिरायक पाटयेत हात घालता. तुझे बघल्यान तर उठान जातला. कालच्या बांगड्याचे डोळे झाले हत तुझे!"

बायका हसल्या. मीही हसले. मग काकीने माझी पाटी आपल्याकडे ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "कावीळ आसा ही. मी इकतंय ह्या. तू घराक जा."

जन्मभर मी माशांचे डोळे बघत आले, स्वतःचे बघितले नव्हते. घरी दाराशी आरसा धरला. पांढरे होते तिथे हळद होती. डॉक्टरांचे दुसरे वाक्य मला त्या क्षणी स्पष्ट आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने तांब्या आणला आणि मी गोळ्या घेतल्या.

असे अकरा दिवस.

आयेने कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याकडून कसलेसे पाळ, म्हणजे मूळ, आणले. ते ताकात उगाळून ती पाजायची. गोळीही घ्यायची आणि पाळही. मला ओकाऱ्या होऊ लागल्या. एकदा गोळ्या घेतल्यावर लगेच ओकले, लाल पाणी पडले. मी आयेला विचारले, "आये, ओकलेली गोळी घेतली धरूची काय चुकली धरूची?"

आयेने बराच विचार केला. "पोटात रवाक नाय तर घेतली कशी?"

म्हणून मी परत घेतली. मग ओकले की परत, असा नेमच झाला. दोन दिवस तर तीन तीन वेळा घेतली. शेवंतीचे वडील म्हणाले, "डाक्तराक दाखवूया काय गो?" मी म्हटले, "काय नाय, कावीळ ती. उतरतली." डॉक्टर काय सांगतील हे मला माहीत होते. ते गोळ्या बंद करा म्हणाले असते आणि मग मी काय केले असते?

अकराव्या दिवशी विहिरीजवळ पडले. कळशी वाळूत गेली एवढेच आठवते.

खाट

सावंतवाडीला मोठ्या दवाखान्यात नेले. दोन दिवस मी कोणालाही ओळखत नव्हते म्हणतात. शुद्धीवर आले तेव्हा हाताला बाटली लावलेली होती आणि एक तरुण डॉक्टर खाटेपाशी उभे होते. ते घाटावरचे, त्यांचे बोलणे पुस्तकातल्यासारखे.

"गोळ्या कधी बंद केल्या होत्या?"

मी चादरीकडे बघू लागले.

"बाई, हे कळल्याशिवाय मला पुढे काही करता येणार नाही."

बाजूची सिस्टर वेंगुर्ल्याची होती. ती म्हणाली, "सांग गो बाय. डाक्तर काय तुका खावचे नाय."

"बंद करूक नाय," मी म्हटले. "ओकलंय की परत घेतलंय."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवले. "डोळे पिवळे झाले तर थांबवा, असे सांगितले नव्हते तुम्हाला?"

"सांगलल्यानी. पण ता गाऱ्हाण्यात नाय होता."

सिस्टरने त्यांना गाऱ्हाणे म्हणजे काय ते सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आजपासून एकही गोळी नाही. एकही नाही."

त्या दिवसापासून मी माझी काळजी सोडली. मी शेवंतीला काय होते याची वाट बघू लागले.

वॉर्डातला दिवस लवकर उजाडे. फिनेलचा वास, थर्मामीटर, पातळ पेज. क्षय आहे म्हणून माझी खाट कोपऱ्यात, माझ्या ताटाला ओळखीसाठी चिंधी बांधलेली. शेवंतीचे वडील दोन दिवसांआड एसटीने येत. रापणीत माणूस कमी पडतो म्हणून लोक त्यांना बोलत होते, ते मला सांगत नसत, पण चेहऱ्यावर दिसे. ते आले की मी पहिले विचारायची, "चेडू बरा आसा?"

"बरा आसा. साळेत गेला हा."

चौथ्या खेपेला ते म्हणाले, "जरासो ताप आसा. सगळ्यांक येता तसो."

ते गेल्यावर मी उशाचे गाठोडे सोडले. त्यात जुन्या गोळ्या होत्या, त्या मी कोणाला दिल्या नव्हत्या. एक काढून मुठीत धरली. पाण्याकडे हात नेला तेव्हा सिस्टर समोर होती.

"मूठ सोड गो."

मी सोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचे तरी तोंडावर ऐकले नाही.

ती खाटेवर बसली. क्षयाच्या बाईच्या खाटेवर कोणी बसत नाही. "चेडवाक ताप इलो म्हणान?"

मी रडू लागले.

"माझ्या आवशीन," आईला ती आवस म्हणायची, "माझ्या परीक्षेक गाऱ्हाणा घातलल्यान. बांधतत तसा सोडवतत पण. ह्या कोणी घातल्यान?"

"सासवेन."

"मगे तिकाच सोडवूक सांग. पण ही गोळी पोटात गेली तर चेडवाक आवस रवाची नाय. ता देवीक चलतला?"

मी मूठ सोडली. गोळी घामाने ओली झाली होती, तिचा लाल रंग तळव्याला लागला होता.

तिसऱ्याला उजवो

मी शेवंतीच्या वडिलांबरोबर आयेला सगळे कळवले, आणि ती आठवड्याने आली. एवढा एसटीचा प्रवास तिने कधी केला नव्हता, अंग आंबून गेले होते. कमरेच्या पुडीतून तिने अंगारा काढला आणि माझ्या कपाळाला लावला.

"सुटला," ती म्हणाली.

"कसा?"

"गुरव म्हणालो, असा गाऱ्हाणा मागे घेवक आजवर कोण इला नाय. मी म्हटलंय, तोंड माझा, आण माझी, मीच मागे घेतंय. कौल लावल्यान. दोनदा डावो दिल्यान माउलीन, नाय म्हणान. मी थयच बसलंय, उठाक नाय. तिसऱ्याक उजवो दिल्यान."

"आणि शेवंती?"

"ताप कधीच गेलो. माका न सांगता खाडीर जाता मेला चेडू."

मग पेजेचे भांडे घेऊन ती मला भरवू लागली. चार घास झाल्यावर म्हणाली, "डाक्तराचा दुसरा बोलणा माका सांगूक काय झालेला तुका?"

मी घास गिळला. ती म्हणाली, "माका वाटला तू परत टाकतलंस. मी तुका जवळजवळ मारून टाकललंय." आणि पुढचा घास माझ्या तोंडाशी धरला.

या सगळ्या आजारपणात मला चांगले म्हणावे असे जे मिळाले ते एवढेच.

गोव्याहून आलेला कागद

डोळे थोडे निवळले. मला वाटले आता घरी. पण माझे रक्त तपासायला गोव्याला पाठवले होते, त्याचा कागद आला. सिस्टर त्या तपासणीला ऑस्ट्रेलिया म्हणायची. देवबागच्या पलीकडे मी फार तर सावंतवाडी पाहिली, आणि माझ्या रक्तात ऑस्ट्रेलिया निघाली.

डॉक्टर स्टुलावर बसले तेव्हाच मला समजले.

"तुमच्या रक्तात बी जातीची कावीळ आहे. आजची नाही, फार वर्षांची. आत बसून तिने यकृत खराब केलेले होते. त्यावर गोळ्यांचा मार बसला. यकृत चांगले असते तर कदाचित एवढे झाले नसते."

"उतरतली?"

"नाही. हिच्यावर आज आमच्याकडे औषध नाही." त्यांनी हे वर बघून सांगितले, खाली बघून नाही. "तुमची आई आहे? नसेल तर कशाने गेली?"

"पोटात पाणी झालेला. अंग पिवळा." तेव्हा सगळे म्हणाले होते, बाहेरचे लागले.

"मुले किती?"

"एक चेडू."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. माझे शिक्षण चौथीपर्यंत, पण आई, मी आणि शेवंती हा हिशेब मला जमला.

शेवंतीला आणले तेव्हा तिने नवा फ्रॉक घातला होता. सुई टोचली तरी रडली नाही, काचेची रिकामी बाटली मागत होती. सिस्टरने दिली. पंधरा दिवसांनी तिचाही कागद आला. तिच्यातही आहे.

"तिला आज काही त्रास नाही," डॉक्टर म्हणाले. "खूप वर्षे होणारही नाही कदाचित. काही जणांना कधीच होत नाही. कोणाला होईल ते आम्हाला सांगता येत नाही." मी विचारले, लस असते ना? ते म्हणाले, आहे, पण रक्तात शिरण्याआधी द्यायची. शेवंतीला ती कावीळ बहुतेक जन्मतानाच मिळाली. माझ्याकडून.

आये दारात उभी राहून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिने विचारले, "म्हणजे आण लागली? माउलीन सोडूक नाय?"

"नाय आये. ह्या आणेच्या आधीचा. माझ्या पोटातला."

तिचा चेहरा आणखी पडला. मला आधी कळले नाही, का. मग कळले. आण असती तर ती पुन्हा देवळात जाऊन बसली असती. दहा वेळा डावा कौल मिळाला तरी उठली नसती.

शेवंती, तुझ्यासाठी

मी घरी येऊन पाच महिने झाले. क्षय अजून आत आहे. यकृताला न लागणारी एक गोळी आणि रोजचे इंजेक्शन एवढेच मला चालते. इंजेक्शनाने कानात सतत लाटा फुटतात, आता खरा समुद्र कुठला ते ओळखायला दारात यावे लागते. जुन्या गोळ्यांतली एखादी थोडी थोडी देऊन बघू असे डॉक्टर म्हणत होते, पण गेल्या खेपेला त्यांनी माझ्या पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि तो विषय काढला नाही. पोट जड झाले आहे. आईचे असेच सुरू झाले होते.

तुला मी अजून काही सांगितलेले नाही. मोठी झालीस की तुझ्या वडिलांनी ही वही तुला द्यायची असे ठरले आहे. तुझ्या रक्तात काय आहे ते कोणत्याही डॉक्टरला आधी सांग, त्यांनी विचारले नाही तरी सांग, कितीही पुरुष उभे असले तरी सांग. कावीळ उतरवणाऱ्याचे पाळ घेऊ नकोस. तुझ्या जखमेचे रक्त दुसऱ्याला लागू देऊ नकोस, आणि तुला मूल व्हायचे असेल तेव्हा ते जन्मायच्या आधी लसीचे विचार. मला विचारता आले नाही, मला ठाऊकच नव्हते. पुढेमागे या काविळीवर औषध निघाले आणि तुला मिळाले, तर ते मनाने घेऊ नकोस आणि मनाने टाकूही नकोस. डॉक्टरने दोन वाक्ये सांगितली तर दोन्ही घरी घेऊन ये. आणि कोणाच्या डोक्यावर हात ठेवून औषध घेऊ नकोस.

औषध निघेल असे मला वाटते का? माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी वाटावे असा प्रयत्न करते, रोज जमत नाही.

सकाळी तू तांब्या घेऊन येतेस. सिस्टरने तुला शिकवले तसे मला उजेडात बसवतेस, माझी खालची पापणी बोटाने ओढतेस आणि मोठ्या बाईसारखी सांगतेस, "सफेत आसत. घे." हल्ली तू जरा थांबतेस. परवा म्हणालीस, "जराशे पिवळे आसत गो," तर मी गोळी न घेता दवाखान्यात जाऊन आले. एवढे तरी मी शिकले.

मग माझी पाळी. मी तुझी पापणी ओढते. तुला वाटते आपण फिट्टंफाट करतो, तू हसतेस, डोळे मिचकावतेस, मला नीट बघू देत नाहीस. मी तुला म्हणते, गप रव, एकदा बघूंदे. तू गप राहतेस. मी बघते.

पांढरे आहेत.